पहिला उशीर आपल्या घरात होतो

(आपल्या मंडळाच्या कोल्हापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरसालच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर कोणा वडीलधाऱ्या गृहस्थाने मुलांना चार उपदेशाचे शब्द सांगावेत, अशी आपली चाल आहे. यंदा तो मान चालकांनी मला दिला, तेव्हा मी त्यांना विनंती केली की, मुलांना उपदेश पुष्कळ झाला. या वेळी मला मुलांच्या जन्माविषयीच बोलू द्यावे. विषय बाळंतपणाचा आणि तान्ह्या मुलाच्या संगोपनाचा. तो ऐकून एक-दोघा सभासदांना संकोच वाटला. "मास्तर, हा विषय महिला मेळाव्यात ठेवू या," असेही सुचविण्यात आले. मी तो पुरुषांच्या समोर मुद्दाम मांडीत आहे. कारण काय, ते पुढे ओघाने येईलच. मी डॉक्टर नव्हे. जुना मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत हयात घालविलेला शिक्षक आहे. जे वाचले, जाणकारांना विचारून घेतले आणि खेड्यापाड्यांत नोकरी करताना डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

या विषयाशी आपल्या कोल्हापूरचा ऋणानुबंध फार जुना आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. पहिली स्त्री डॉक्टर म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचे चित्र पाहतो आणि पान उलटतो. त्या डॉक्टर का झाल्या? वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दहा दिवसांत योग्य वैद्यकीय साह्य मिळते तर मूल वाचते, हे शल्य घेऊन ती मुलगी सातासमुद्रापार गेली. त्यापूर्वी पती गोपाळराव यांच्या टपाल खात्यातील नोकरीमुळे ती आपल्याच कोल्हापुरात राहत होती, आणि तिला अमेरिकेत शिकावयास पाठविण्याविषयी गोपाळरावांनी पाठविलेले पत्र येथूनच गेले होते. १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषय त्यांनी प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच घेतला होता. त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमले. तथापि क्षयाने त्यांना ग्रासले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाला बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्या पुण्यास निवर्तल्या. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच रुग्णालयात स्त्रियांवर उपचार करू लागल्या. कृष्णाबाईंच्या मातोश्री रखमाबाई येथील स्त्रीशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी होत. आईने मुली शिकविल्या आणि मुलीने त्या मुलींची बाळंतपणे सुखरूप केली, असे म्हटले तरी चालेल. त्या रुग्णालयाला आज आपण छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतो. गावाच्या तोंडी ते नुसते 'सीपीआर' आहे.

तेव्हापासून आजवर काळ किती पालटला, हे आकड्यांनीच सांगतो. दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात, यावरून देशाची स्थिती मोजतात. २००१ ते २००३ या काळात भारतात हा आकडा ३०१ होता, महाराष्ट्रात १४९. २०१८ ते २०२० या काळात तो भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ वर आला. ही काही लहान गोष्ट नव्हे. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि गावोगाव आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य झाले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभरातील सुमारे पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होत असल्याचे दिसून आले. मग आता बोलावयाचे काय उरले, असे आपण विचाराल. केरळात याच काळात हा आकडा १९ होता. आणि साऱ्या जगाकडे पाहिले, तर २०२० साली दर दिवशी सुमारे आठशे स्त्रिया गर्भारपण आणि बाळंतपण यांपायी प्राणास मुकल्या, त्यांतील बहुतेक गरीब देशांतील. २०२२ साली जगात तेवीस लाख बालके जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच गेली, आणि त्यांतील तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात. पहिला आठवडा म्हणजे आपल्या भाषेत पाचवी-सहावीपर्यंतचा काळ. त्यातले पहिले दोन-तीन दिवस दवाखान्यात जातात. पुढचे सारे घरात.

या विषयाचे अभ्यासक असे सांगतात की, बाळंतिणीच्या मृत्यूमागे तीन प्रकारचे उशीर असतात. निर्णय घेण्यास उशीर, दवाखान्यात पोचण्यास उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यास उशीर. दुसरा आणि तिसरा उशीर सरकारच्या, रस्त्यांच्या, डॉक्टरांच्या माथी मारता येतो, आणि पुष्कळदा तो तसा असतोही. पहिला मात्र सर्वस्वी आपला. तो घराच्या सोप्यात होतो.

१९८६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी गगनबावडा तालुक्यातील एका वाडीत शिक्षक होतो. माझ्या वर्गातील एका मुलाची आई रात्री घरीच बाळंत झाली. मूल चांगले सुदृढ होते. वार पडावयास वेळ लागला आणि मग रक्त थांबेना. घरातील म्हातारी म्हणाली, "अशुद्ध रक्त आहे, जाऊ द्या, अंग हलके होईल." नवरा मुंबईस नोकरीला. सासरे म्हणाले, थोरल्या भावाला विचारल्यावाचून कसे न्यावे? भाऊ पलीकडच्या वाडीला. त्याच्याकडे कंदील घेऊन माणूस गेला. जीप गावातच उभी होती. जीपवाला उठूनही बसला होता. थोरला भाऊ आला, चर्चा झाली, पैसे कोणी भरावयाचे हे ठरले, आणि पहाटे गाडी दाराशी लागली. तिला त्या गाडीत बसवावे लागले नाही. त्या घरात दुष्ट माणूस एकही नव्हता, हे मी आवर्जून सांगतो. सासरे पुढे वर्षभर कोणाशी धड बोलले नाहीत. पण त्या रात्री ज्याने 'चला' म्हणावयाचे, तो माणूसच त्या घराने आधी ठरविलेला नव्हता.

अतिरक्तस्राव सुरू झाला म्हणजे धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तेवढाही अवधी मिळत नाही. आणि मघाशी सांगितलेल्या पाहणीतच महाराष्ट्रातील गर्भवतींपैकी जवळजवळ शेकडा शेहेचाळीस जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोहाच्या गोळ्या सरकार फुकट देते. त्या फडताळात पडून राहतात. कोणी म्हणते गोळ्यांनी मूल काळे होते, कोणी म्हणते मूल फार मोठे होऊन अडते. दोन्हींत तथ्य नाही. पत्रिकेतले छत्तीस गुण आपण चष्मा लावून जुळवितो. सुनेच्या रक्तातील हिमोग्लोबिन किती, हे मात्र आपल्यापैकी किती सासऱ्यांना सांगता येईल?

याच बाबतीत आपल्या शेजारी बेळगावात एक मोठे काम झाले, त्याची आपल्याकडे फारशी वाच्यता नाही. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन संशोधकांच्या सहकार्याने २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक अभ्यास केला. मूल जन्मताच निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉल नावाच्या स्वस्त गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या गावातील परिचारिकेच्या हातून दिल्या. ज्यांना औषध मिळाले नाही त्यांत शंभरातील बारा जणींना अतिरक्तस्राव झाला. ज्यांना मिळाले त्यांत सहा-सात जणींना. रक्त किती गेले हे नजरेने नीट समजत नाही, म्हणून त्यांनी बाळंतिणीखाली मापाच्या खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवण्याची युक्ती काढली. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत दोन लाखांवर बाळंतपणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही तशीच मापाची पिशवी वापरून, रक्त ठराविक खुणेवर जाताच सर्व उपाय एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचे प्रमाण मिळून साठ टक्क्यांनी घटले. यात यंत्र नाही, वीज नाही. वेळेवर ओळखणे आणि न थांबणे, एवढेच आहे. (गोळ्यांचे नाव मी घेतले, म्हणून कोणी त्या दुकानातून आणून घरी ठेवू नयेत. त्या परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या हातूनच घ्यावयाच्या आहेत.)

आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळतो. आपल्या चालीरीती सगळ्याच टाकाऊ आहेत, असे मी मानीत नाही. बाळंतिणीला विसावा द्यावा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणावे, अहळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खाऊ घालावेत, यात शहाणपण आहे. अहळिवात लोह पुष्कळ असते, हे आता आहारशास्त्रज्ञही सांगतात. मुलाला ऊब द्यावी, हा शेगडीमागचा हेतूही अगदी योग्य. नवजात मूल थंडीने फार लवकर गारठते. परंतु दारे-खिडक्या बंद करून ओवा-शेपांचा धूर कोंडला, म्हणजे उबेबरोबर मुलाच्या छातीत काय जाते याचा विचार करावा. उबेचा खरा मार्ग याहून सोपा आहे. १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात काचेच्या उबदार पेट्या पुरेनात, तेव्हा तेथील डॉक्टरांनी कमी वजनाची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. २०२१ साली आपल्या दिल्लीतील एका रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात असे सिद्ध झाले की, कमी वजनाच्या मुलाला जन्मताच असे उराशी धरले, तर मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात. आणि हे काम बापालाही करता येते. आपल्या समाजातील किती बापांनी पाचवीच्या आधी आपले मूल छातीशी धरले आहे? सोयर म्हणून आपण त्याला उंबऱ्याबाहेरच उभे करतो.

दुधाचीही तीच कथा. गाय-म्हैस व्याली, की तिचा चीक आपण शेजाऱ्यांत वाटतो, वेलदोडा-केशर घालून खरवस करतो, तो मागून घेऊन खातो. आणि आईला आलेला पहिला पिवळसर चीक मात्र 'खराब दूध' म्हणून पिळून टाकतो व मुलाला मधाचे बोट चाटवितो! पहिल्या तासाभरात अंगावर पाजावे, आणि सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीसुद्धा, देऊ नये, असा आज जगभरच्या वैद्यकाचा निर्णय आहे. बाळगुटीही त्यात आलीच. पहिली आंघोळसुद्धा एक दिवस लांबविली तर उत्तम. येथे बसलेल्या आजीबाई माझ्यावर रागावतील, पण गुटीच्या सहाणेवरचे पाणी कोठून येते, एवढेच त्यांनी पाहावे.

सटवाईविषयी थोडे बोलल्यावाचून राहवत नाही. पाचवीच्या किंवा सहावीच्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहिते, म्हणून आपण रात्र जागवितो, पाटा-वरवंटा पूजतो, लेखणी ठेवतो. हीच रात्र आपल्या पूर्वजांना इतकी भयाची का वाटली असावी? मला वाटते, त्यांनी पुष्कळ मुले याच सुमारास जाताना पाहिली होती. नाळ विळ्याने कापावी, तीवर राख किंवा शेण लावावे, आणि तिसऱ्या दिवसापासून पुढे, बहुधा आठवड्याच्या सुमारास, मूल अंगावर पिईनासे व्हावे, जबडा धरावा, अंग धनुष्यासारखे ताठ व्हावे. हा धनुर्वात. आईला गरोदरपणी लस, नाळेला स्वच्छ पाते, आणि नाळेवर काहीही न लावणे, या तीन साध्या गोष्टींनी तो हटला; २०१५ साली भारतातील प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जन्मांमागे एकाच्याही खाली आल्याचे जाहीर झाले. पाचवीची पूजा आपण खुशाल करावी. लहान मुलांना तिचे कौतुक असते, आणि मलाही आहे.

यानंतरचा मुद्दा आपल्या मंडळासारख्या ज्ञातिसंस्थेत बोलणे थोडे अवघड आहे. आपल्या आज्या-पणज्यांची बाळंतपणे कोणी केली? सुईणीने. पुष्कळ गावांत ही सुईण त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरातली असे. नाळ कापणे, वार पुरणे ही कामे विटाळाची, म्हणून ती तिच्याकडे. जगात आल्यावर आपल्या घराण्यातील मुलाला पहिला स्पर्श तिचा झाला, आणि बारशाच्या पंगतीला ती अंगणाबाहेर पदर पसरून उभी राहिली. तिच्या हाताला ज्ञान होते. साबण, गरम पाणी आणि मान मात्र आपण दिला नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की, डॉक्टरांच्या कक्षात सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक बाळंतिणी दगावतात, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. तेव्हा विटाळ जातीत नसतो, न धुतलेल्या हातात असतो, मग तो हात कोणाचाही असो. १९१९ साली शाहू महाराजांनी दवाखान्यांतील नोकरवर्गास अस्पृश्य रुग्णांना इतरांप्रमाणेच ममतेने वागविण्याचा हुकूम काढला होता. आपण त्यांच्या जयंतीला हार घालतो.

हे जुने झाले, असे म्हणता येत नाही. आज बाळंतीण घरी आल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी येऊन मुलाचे वजन, ताप, श्वास पाहावयाचा असतो. आपल्याच काही घरांत तिला सोप्यातून परत पाठवितात. एकजण म्हणतो, "आमचे खाजगी डॉक्टर आहेत." दुसरी बाई तिचे आडनाव विचारते आणि मग मूल झोपले आहे असे सांगते. आशाताईची ही पद्धत कोठून आली, हे ऐकावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस खेड्यांत, त्या-त्या गावातीलच थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना तयार केले. मुलाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखून ठराविक इंजेक्शन देणे, हे त्या शिकल्या. काही वर्षांत तेथील नवजात मृत्यू शेकडा बासष्टांनी घटले. १९९९ साली हा वृत्तांत इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे २०११ मध्ये हीच घरपोच सेवा साऱ्या देशासाठी स्वीकारण्यात आली. जी गोष्ट गडचिरोलीच्या जंगलातील माउलीने दार उघडून घेतली, ती आपण सुशिक्षितांनी दार लावून नाकारावी?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यातील सुखवस्तू घरांत आता मुहूर्त पाहून शस्त्रक्रिया करवून घेण्याचे वेड शिरले आहे. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात शंभरातील पंचवीस बाळंतपणे पोट चिरून झाली. अडलेल्या बाळंतिणीला ही शस्त्रक्रिया म्हणजे पुनर्जन्मच होय. परंतु गुरुपुष्यासाठी दिवस भरण्यापूर्वी मूल बाहेर काढणे, याला काय म्हणावे ते मला कळत नाही. ज्योतिषाने जन्मवेळ वाचावी. ती ठरवू नये.

आणि डोहाळजेवण! पूर्वी ओटी, फुलांची वाडी आणि शेजारच्या चार बायका. आता सभागृह, पाळणा, चंद्रकोर, धनुष्यबाण, छायाचित्रकार. हौस असावी, मी नको म्हणत नाही. माझी सूचना इतकीच आहे की, त्या दिवशी दोन्ही घरची माणसे आयती एकत्र असतात. तेव्हा पंगत बसण्यापूर्वी पुरुषांनी चार गोष्टी ठरवून कागदावर लिहाव्यात. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात होणार, आणि तेथे नड पडल्यास पुढे कोठे न्यावयाचे. वाहन कोणाचे, आणि ते न मिळाल्यास १०८ वर दूरध्वनी कोण करणार. रक्त लागले तर त्या गटाचे दोन दाते कोण, त्यांचे दूरध्वनी क्रमांक. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातील कर्ता पुरुष जवळ नसेल, तर 'चला' म्हणण्याचा अधिकार कोणाचा. माझ्या मते तो प्रथम त्या मुलीचाच असावा, आणि तिला शुद्ध नसेल तर तिच्याजवळ जी बाई असेल तिचा. कोणाला विचारावे लागू नये. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांवर व तोंडावर सूज, आचके, रक्तस्राव, ताप, पाणी जाऊनही कळा न येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी निघावयाचे. तान्हे मूल अंगावर पिईनासे झाले, गार पडले, भराभर श्वास घेऊ लागले किंवा श्वासाबरोबर छाती आत ओढू लागले, तरीही तसेच निघावयाचे. दृष्ट नंतर काढता येते.

मंडळाच्या चालकांना माझी एक विनंती आहे. आपण वधूवर सूचीत उंची, वर्ण, वेतन आणि नाडी छापतो. त्याच धर्तीवर तालुकावार रक्तदात्यांची आणि रात्री-अपरात्री वाहन देऊ शकणाऱ्या सभासदांची एक यादी या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी छापावी, आणि तिचा लाभ घेणाऱ्याची जात विचारू नये. चालकांनी ती कल्पना मान्य केली आहे. मंडपाच्या दाराशी, चहाच्या टेबलाजवळ, त्यासाठी कोरे तक्ते ठेवले आहेत. आपले नाव, गाव, रक्तगट आणि गाडी असल्यास तिचा प्रकार लिहावा. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी आणि गगनबावडा या भागांतील सभासदांनी चहापूर्वीच लिहावे. त्यांची नावे सर्वांत कमी आली आहेत.